चौथा भाऊ ‘विझ’

जमिनीच्या दाव्यांतले जुने इंग्रजी दस्त मराठीत आणणं हे माझं काम. त्यात भाषेपेक्षा डोळ्यांचा कस जास्त. कार्बन कॉपीचा पसरलेला निळा, घडीवर झिजलेली ओळ, आकडा ३ की ८.

परवा एका वकीलसाहेबांनी एक वाटणीपत्र पाठवलं, सोबत आधीच दाखल झालेलं भाषांतर. फोनवर वैतागलेले. “मॅडम, भाऊ तीन आणि नावं चार. हा विझ कोण?”

मूळ उघडलं. ‘थ्री सन्स विझ.’ (viz.) आणि पुढे तिघांची नावं. भाषांतर करणाऱ्यानं टिंबाचा स्वल्पविराम करून विझला थेट थोरल्याच्या आधी बसवलं होतं, आणि वर ‘तीन मुलगे’ तसंच ठेवलं होतं! पानामागे दर घेणाऱ्या एजन्सीत माणसं कोण मोजणार? पण वकीलमंडळीही कमी नाहीत. विझऐवजी साधं इंग्रजी ‘नेमली’ (namely) लिहिलं तर दस्ताचं वजन उतरतं की काय, कोण जाणे.

विझ हे लॅटिन ‘विडेलिसेट’चं आखूड रूप, इंग्रजीत क्रियाविशेषण. ‘विडेरे’ म्हणजे पाहणं, ‘लिसेट’ म्हणजे मुभा आहे. पाहायला मुभा आहे, म्हणून उघडच आहे, म्हणून अर्थात. विडेरे आपल्या ‘विद्’ धातूच्या भावकीतला, आणि लिसेटच्या घरातलं लायसन्स आपण रोज खिशात बाळगतो.

मात्र त्या मूळ शब्दात झेड औषधालाही नाही. मध्ययुगातले लेखनिक शब्दाचं शेपूट तोडून तिथे इंग्रजी ३ सारखी एक खूण ओढत. शेवटच्या ‘एट’साठी ती यायची, ‘ऑम्निबस’मधल्या ‘अस’साठीही तीच. ‘वि’पुढे ती खूण आली की वाचणाऱ्यानं विडेलिसेट समजायचं. पुढे छपाईत तिच्या जागी झेडचा खिळा बसला तो कायमचा. अक्षर नव्हेच ते, हात वाचवण्यासाठी मारलेला फराटा!

मी ‘म्हणजे’ लिहून नवीन भाषांतर दिलं, खाली तळटीप टाकली. साहेबांनी ती काढायला लावली. म्हणे, कोर्टाला लॅटिन शिकवू नका. पण पहिलं भाषांतर निशाणी पडून रेकॉर्डवर आहे, आणि त्याच्याच आधारे समोरच्यांनी कैफियतीत आक्षेप घेतलाय: विझ यांच्या वारसांना पक्षकार केलेलं नाही, सबब दावा चालू शकत नाही. तळटीपेशिवाय याला उत्तर काय देणार, हे साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.