तुम्ही विचारलेत म्हणून : हे रंग खरे कशावरून?

युद्धकाळातील कृष्णधवल छायाचित्रांची डागडुजी करून त्यांना रंग देण्याचे काम मी करते, हे कळले की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो : "हे रंग खरे कशावरून?" प्रश्न अगदी रास्त आहे. करड्या छटेत मूळ रंग दडलेला असतो आणि संगणक तो शोधून काढतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या छायाचित्रात रंग कधी उतरलेलाच नसतो, तो बाहेरच्या पुराव्यांवरून ठरवावा लागतो.

करडी छटा तर पुष्कळदा दिशाभूलच करते. पहिल्या महायुद्धाच्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटवर, म्हणजे फिल्मच्या जागी कॅमेऱ्यात घातल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या काचेवर, निळा प्रकाश चटकन उमटे आणि लाल जवळजवळ उमटतच नसे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच पायदळ लाल विजारी घालून लढाईत उतरले होते, पण अशा प्लेटवर त्या विजारी काळपट दिसतात. १९१५ पासून त्याच सैन्याला मिळू लागलेला फिकट निळा गणवेश मात्र पांढुरका दिसतो. स्वयंचलित रंगभरणी करणारे सॉफ्टवेअर सहसा काळपटाला तपकिरी आणि पांढुरक्याला मळकट पांढरे ठरवून मोकळे होते, आणि ते चित्र डोळ्यांना इतके पटते की कोणाला शंकाही येत नाही.

म्हणून रंग हाती घेण्याआधी सैन्य कोणते, वर्ष कोणते, पथक कोणते, हे मी ठरवून घेते. पदकाच्या फितीचेच पाहा : ब्रिटिश नौदलातील व्हिक्टोरिया क्रॉसची फीत १९१८ पर्यंत निळी होती, नंतर ती सर्वच दलांसाठी किरमिजी झाली. संग्रहालयातील गणवेश उपयोगी पडतात, मात्र ते कापड इतक्या वर्षांत विटलेले असते. त्या काळची खरी रंगीत छायाचित्रेही आहेत. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ मध्ये बाजारात आली. तिच्यावर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. फ्रेंच सैन्याच्या छायाचित्रकारांनी ती युद्धातही वापरली. तिला प्रकाश फार लागे आणि समोरच्याला काही सेकंद निश्चल राहावे लागे, त्यामुळे त्यांत धुमश्चक्री नाही, विसावलेले सैनिक आणि पडकी गावे आहेत. त्या गणवेशाचा निळा कसा होता, हे सांगणारा याहून चांगला साक्षीदार मला ठाऊक नाही.

डागडुजीतही असाच विवेक लागतो. इमल्शनचा, म्हणजे चित्र ज्यात उमटते त्या पातळ थराचा, पोपडा सुटला असेल, कडेला चांदीची निळसर झाक आली असेल, तर ती मी स्कॅनच्या प्रतीवर दुरुस्त करते. मूळ वस्तूला हात लावत नाही. पण टोपीवरच्या बिल्ल्यापाशीच, नेमका तेवढाच भाग खरवडलेला दिसला, तर मी थांबते. पथकाची ओळख शत्रूला कळू नये म्हणून सेन्सॉर अशा खुणा पुसत असे. तो ओरखडा भरून तिथे अंदाजाने बिल्ला काढणे म्हणजे त्या छायाचित्राच्या इतिहासातील एक पान फाडणे होय.

सर्वांत जास्त आग्रह होतो तो चेहऱ्याबद्दल. न परतलेल्या सैनिकाचा पुसट चेहरा स्पष्ट करून द्या, असे घरचे लोक म्हणतात, आणि त्यांची ओढ मला समजते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तो क्षणात ठसठशीत करतात, पण हरवलेला तपशील ती इतर असंख्य चेहऱ्यांवरून रचतात. डोळे येतात ते दुसऱ्याच कोणाचे तरी. कोटाचा रंग चुकला तर नवा पुरावा मिळाल्यावर बदलता येतो, पण घरच्यांच्या मनात एकदा बसलेला चेहरा कसा बदलणार? म्हणून चेहऱ्यावरची धूळ आणि भेगा मी काढते, त्वचेला जपून रंग देते आणि पुसटपणा तसाच ठेवते. रंगीत प्रतीबरोबर मूळ स्कॅन आणि कोणता रंग पुराव्यावरून, कोणता अंदाजाने दिला याची लेखी नोंद देते. ते तिन्ही एकत्र ठेवा, अशी विनंतीही करते.