वहिनी, मी आणि किनोसाकीचं गरम पाणी

जपानमधल्या किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावाबद्दल पुतण्यानं ओसाकाहून फोनवर सांगितलं, "काकू, तिथं अंघोळ सगळ्या बायकांबरोबर करायची असते, आणि अंगावर एक चिंधीसुद्धा चालत नाही." मी त्याच क्षणी मनात ठरवून टाकलं, आपण खोलीतच बसायचं.

त्याला कारण होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या कमरेवर कोडाचा पहिला डाग उठला. आज पाठीचा निम्मा भाग पांढरा आहे. कोडाची कुणाला लागण होत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी जातात, एवढाच तो प्रकार. हे मी डॉक्टरांकडून ऐकलंय, स्वतः वाचलंय आणि इतर दोघीतिघींना समजावूनही सांगितलंय. तरी २६ वर्षं बंद गळ्याचे, लांब पाठीचे ब्लाउज शिवून घेतले. न्हाणीघराची कडी दोनदा तपासल्याशिवाय कधी अंगावर पाणी घेतलं नाही. नवरा आणि डॉक्टर सोडले तर माझी पाठ कुणीही पाहिलेली नव्हती. एकाच घरात राहणाऱ्या वहिनींनीसुद्धा नाही.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. वय ६६, गळ्यात तुळशीची माळ, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त ओसाकात असतो. कार्तिकी वारी झाली की दोघी या, असा त्याचा हट्ट होता. वहिनींनी पंचांग बघून आधी एकादश्या वगळल्या, मग आमची तिकिटं निघाली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पोचलो.

जपानमधल्या पारंपरिक सरायीला रियोकान म्हणतात. गरम पाण्याचे झरे, म्हणजे ओन्सेन, असलेल्या गावांत त्या जास्त. खोलीबरोबर रात्रीचं आणि सकाळचं जेवण बहुधा तिथलंच असतं, आणि आमच्यासारख्यांची खरी अडचण सुरू होते ती तिथेच. त्यांच्या बहुतेक रश्शांचा पाया म्हणजे दाशी. ती बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून बनते. ताटात मासा दिसत नाही, पण सूपमध्ये, भाजीत, चटणीसारख्या पातळ पदार्थातसुद्धा तो असतो. नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. त्यातून किनोसाकी हे जपानच्या समुद्राजवळचं गाव. नोव्हेंबर ते मार्च तिथं खेकड्यांचा हंगाम, आणि माणसं त्यासाठीच लांबून येतात. दोन सरायींनी नम्रपणे नाही म्हटलं. तिसरीनं उलट प्रश्न पाठवले: अंडं? दूध? कांदा-लसूण? कोन्बु या समुद्री वनस्पतीची आणि मशरूमची दाशी केली तर चालेल का? चातुर्मास संपला होता, त्यामुळे कांदा-लसणाची अडचण नव्हती. "विचारतायत म्हणजे करून घालतील," वहिनी म्हणाल्या आणि तीच सराय ठरली. कुणाला जायचं असेल तर एवढं करा: जेवणाचं आरक्षणाच्या वेळीच आणि सविस्तर कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांचा नाइलाज होतो, आणि नाही म्हणताना त्यांना आपल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

ओसाकाहून थेट गाडी आहे, पावणेतीन तासांच्या आसपास. गाडीचं नाव कोउनोतोरी, म्हणजे करकोचा. हा पक्षी त्या मुलखाचा. शेतातल्या औषधांनी आणि पाणथळ जागा गेल्यामुळे १९७१ मध्ये जपानमधला शेवटचा रानटी करकोचा याच भागात संपला. मग रशियातून पिल्लं आणली, वाढवली, आणि त्यांची पुढची पिढी २००५ मध्ये पहिल्यांदा मोकळ्या आभाळात सोडली. पण पक्ष्याला खायला बेडूक-मासे हवेत. त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी भातावरची औषधं कमी केली, काहींनी बंद केली. पुतण्या हे सांगत असताना वहिनी खिडकीतून कापणी झालेली भातखाचरं बघत होत्या. "आपल्याकडचे बगळे बी कमी झाल्यात," एवढंच त्या म्हणाल्या. आमची द्राक्षबाग आहे. फवारणीचा हिशेब वर्षानुवर्षं त्याच लिहितात.

किनोसाकीत सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. गावातले लोक म्हणतात, सगळं गाव हीच एक सराय: स्टेशन म्हणजे दार, रस्ते म्हणजे ओसरी, सरायी म्हणजे खोल्या आणि ही सात स्नानगृहं म्हणजे न्हाणीघर. १९२५ च्या भूकंपात आणि मागोमाग लागलेल्या आगीत गाव जळून गेलं होतं, ते पुन्हा असंच बांधलं. मधून ओतानी नदी, काठाला विलोची झाडं, दगडी पूल. सरायीत उतरलेल्यांना या स्नानगृहांत फुकट जाता येतं. मधल्या काळात सरायीच्या आत स्नानगृह असावं की नसावं यावर गावात मोठा कोर्टकज्जा झाला. तो १९५० मध्ये मिटला, आणि आतली स्नानगृहं लहानच ठेवायची असं ठरलं. त्यामुळे आजही माणसं अंघोळीला रस्त्यावर येतात. मला ही गोष्ट फार आवडली. पाणी जमिनीतून येतं, ते एका घराचं कसं असेल?

दारात चपला काढायच्या, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. तातामीवर, म्हणजे गवताच्या विणलेल्या चटयांवर, घरातल्या सपातासुद्धा चालत नाहीत. संडासाच्या सपाता वेगळ्या. खोलीत भिंतीला एक कोनाडा, त्यात एक लिहिलेला कागदाचा पट आणि एक फूल. तिथं सामान ठेवायचं नसतं. वहिनींनी कुणी सांगायच्या आधीच पिशवी तिथून दूर ठेवली. सेविका गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला लागेल इतकी वाकली. वहिनींना गुडघ्यांमुळे वाकता येईना. त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि "रामकृष्ण हरी" म्हटलं. त्या बाई पुन्हा वाकल्या. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळलं नाही, पण काही राहून गेलं असं दोघींच्याही चेहऱ्यावर दिसलं नाही.

जमिनीवर बसणं जमणार नाही हे आधी कळवलं होतं, म्हणून खुर्ची ठेवली होती. चहाबरोबर छोटी गोड वडी आली. रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं तर चक्कर येऊ शकते, म्हणून ती अंघोळीआधी खायची. मग युकाता, तिथला सुती झगा. डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलटं नेसवतात ते मेलेल्या माणसाला, हे पुतण्यानं दारातूनच दोनदा बजावलं. वहिनींनी जन्मात लुगड्याशिवाय काही नेसलं नव्हतं. वरून जाड कोट घालूनही त्यांचा हात पदर सारखा करायला खांद्याकडे जायचा आणि तिथं काही नसायचं. लाकडी खडावा पायात घालायच्या असतात, पण सरायीनं वहिनींना सपाट चपला दिल्या. गुडघे दुखरे असतील तर त्याच मागा.

सातांपैकी पहिलं कुठलं, हे वहिनींनी ठरवलं. मांदारायु. दोची नावाचा एक भिक्षू इथं आला, लोकांची दुखणी बरी व्हावीत म्हणून हजार दिवस मंत्र म्हणत राहिला आणि ७२० साली इथून गरम पाणी वर आलं, अशी कथा आहे. "हजार दिवस," वहिनी वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पंढरीची वाट चालणाऱ्या बाईला असा आकडा ऐकून काय वाटत असेल, ते मी समजू शकते.

दाराशी दोन पडदे. निळ्यामागे पुरुष, लालमागे बायका. पुतण्या म्हणाला, "आई, काकू, इथून पुढं मला येता यायचं नाही," आणि निळ्या पडद्याआड गेला. इतका वेळ सगळं त्याच्या तोंडून चाललं होतं. आता आम्ही दोघी, आणि आत नुसती जपानी बोली.

कपडे काढायच्या खोलीत मी बराच वेळ पट्ट्याची गाठ धरून उभी होते. वहिनींना म्हटलं, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथं." त्या मला काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी युकाता काढला, घडी घातली, टोपलीत ठेवला. गळ्यात माळ तेवढी राहिली. माळेचंही आम्ही आधी विचारून घेतलं होतं. हातात छोटा पंचा घेतला. दोन्ही गुडघ्यांवर वरपासून खालपर्यंत शस्त्रक्रियेचे लांब व्रण, पोट सैल पडलेलं, पाठ थोडी वाकलेली. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. दाराशी जाऊन त्या वळल्या. "चल की. बघतंय कोण आपल्याकडं?"

मी गाठ सोडली.

आत आधी धुवायचं असतं. टाकी स्वच्छ होण्यासाठी नसते, टाकीत स्वच्छ होऊन जायचं असतं, हा सगळ्या नियमांचा गाभा. भिंतीला नळ आणि फवारे, समोर बुटकी स्टुलं, लाकडी बादल्या. उभं राहून पाणी घेतलं तर शेजारणीवर उडतं, म्हणून बसूनच. वहिनी स्टुलाकडे बघत थांबल्या, तर एक म्हातारी बाई उठली आणि कोपऱ्यातलं उंच स्टूल आणून ठेवलं. साबण लावायचा, सगळा फेस घालवायचा, स्टूल-बादली धुऊन जागेवर. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा किंवा कठड्यावर.

मी भिंतीकडे पाठ करून बसायची जागा शोधत होते, पण सगळे नळ भिंतीलाच होते. तोंड भिंतीकडे आणि पाठ सगळ्यांकडे. बसले. मागे चार-पाच बायका होत्या. मी मान खाली घालून पायच घासत राहिले, पायच घासत राहिले.

मग पाठीवर पंचा आला. खरखरीत, साबण लावलेला. वहिनी मागे उभ्या होत्या. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे पाठ चोळायला कुणीतरी लागतं. सासूबाई असताना त्या वहिनींची पाठ चोळायच्या, वहिनी मुलांची. मी मात्र दरवर्षी काहीतरी निमित्त काढून कडी लावून घ्यायची. वहिनींनी खांद्यापासून सुरुवात केली आणि कमरेपर्यंत आल्या. पांढऱ्यावरही तेवढाच जोर, सावळ्यावरही तेवढाच. मधे कुठं हात थांबला नाही. नंतर बादलीनं पाणी ओतलं, एकदा, दोनदा. "हं, झालं," म्हणाल्या. मी काही बोलू शकले नाही. उठून त्यांच्या मागे गेले आणि त्यांची पाठ चोळली.

पाणी ४२ अंशांच्या आसपास असेल. आत उतरण्याआधी बादलीनं पायांपासून वर थोडं थोडं घ्यायचं, म्हणजे अंगाला सवय होते. किनोसाकीचं पाणी खारट आहे, नितळ, वास नसलेलं. आमच्याकडे राजापूरजवळच्या उन्हाळे इथल्या गरम झऱ्यावर मी लहानपणी गेले होते. तिथं गंधकाचा वास नाकात बसला होता, तसं इथं नाही. मी गळ्यापर्यंत बसले. माझ्या केसांची एक बट सुटून पाण्यावर तरंगली, तेव्हा त्याच म्हातारीनं आपल्या मनगटावरचं रबर काढून मला दिलं आणि केस वर बांधायची खूण केली. केसही पाण्यात नको असतात. तिची नजर माझ्या खांद्यावरून, पाठीवरून गेली असणारच, ती इतकी जवळ होती. तिनं फक्त केस बघितले.

दहा मिनिटांवर बसू नका, विशेषतः रक्तदाबाचा त्रास असेल तर. बाहेर यायच्या आधी पंचा पिळून अंग कोरडं करायचं, म्हणजे कपड्यांच्या खोलीत पाणी सांडत नाही. आणि भरपूर पाणी प्यायचं. पुतण्या बाहेर दुधाच्या काचेच्या बाटल्या घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, "कसं वाटलं, काकू?" वहिनीच म्हणाल्या, "दूध गार आहे का बघ आधी."

जेवण सहाला. उशीर करून चालत नाही, एकेक पदार्थ त्या वेळेच्या हिशेबानं शिजतो. तिळाचं तोफू, कोन्बुच्या पाण्यात उकळतं तोफू, भोपळ्याची आणि मशरूमची भजी, लोणची, आणि शेवटी करकोच्याच्या शेतातला भात. तो भात वहिनींनी आधी नुसताच खाल्ला, काही न लावता. आम्ही जेवत होतो तोवर गाद्या घालून झाल्या होत्या, वहिनींच्या एकावर एक तीन.

काकडआरतीच्या वेळेला वहिनींना जाग येते, जपानातही आली. त्यांनी मला उठवलं. काही स्नानगृहं सकाळी सातला उघडतात आणि दार उघडल्यावर सगळ्यात आधी आत जाणाऱ्या एका बाईला आणि एका पुरुषाला लाकडी बिल्ला मिळतो. कोउनोयुला जायचं होतं. जखमी करकोचा तिथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला, अशी तिथली कथा. अंधारात नदीकाठानं हळूहळू गेलो. विलोची पानं पिवळी होऊन पाण्यावर पडली होती. वहिनी हरिपाठ पुटपुटत होत्या.

दाराशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पडदे टांगून दार उघडलं तेव्हा वहिनी चपला काढायला बाकावर बसल्या, त्यांना वेळ लागतो. मी थांबले होते.

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या.

मी लाल पडद्याआड गेले. त्या चपला ठेवून आल्या तोवर माझा युकाता टोपलीत होता, आणि मी उंच स्टूल शोधून त्यांच्यासाठी नळापाशी ठेवत होते.