मुलाच्या चाचणीचे पैसे कोण भरतं?

सध्या टेक्सासहून नागपुरात माहेरी आले आहे. टेक्सासमधल्या शाळा मेअखेरीस बंद झाल्या आणि आपल्या विदर्भातल्या अजून उघडायच्या आहेत, त्यामुळे माझी लेक आणि भाचा दिवसभर कूलरसमोर ठाण मांडून. भाचा आता चौथीत जाईल. तोंडी हिशेब भराभर करतो, पण वाचायला बसला की ओळ सुटते, जोडाक्षर आलं की थांबतो. शाळेने सांगितलं म्हणून भावाने त्याला चाचणीसाठी एका खासगी सेंटरमध्ये नेलं, काही हजार भरले आणि रिपोर्ट आणला. तो वाचल्यापासून माझं डोकं तापलंय.

रिपोर्ट जेमतेम दोन पानांचा. वर मेंदूचं रंगीत चित्र. मधल्या एका परिच्छेदात भाच्याची मुलगी झालेली, म्हणजे मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी रिपोर्टमधून उचललेला. कोणती चाचणी घेतली, किती गुण आले, त्या वयाच्या मुलाला किती यायला हवेत, यातलं काही नाही. 'एकाग्रता कमी, सेशन्स घ्यावीत' एवढा निष्कर्ष आणि खाली सेशन्सच्या पॅकेजचा दर. सहीखाली पदव्यांची ओळ आहे, नोंदणी क्रमांक नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, नंबर कशाले पाहिजे? भिंतभर सर्टिफिकेटं लावलीयेत नं तिथं."

तिला काय बोलणार? आपल्याकडे ऑटोवाल्याला बिल्ला लागतो, पण मुलाच्या बुद्धीबद्दल मत देणाऱ्याच्या पाटीवर 'समुपदेशक' लिहायला काहीच लागत नाही.

लेक दुसरीत असताना तिचीही चाचणी झाली होती. टेक्सासमध्ये शाळेच्या मानसशास्त्रज्ञाला राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो. त्यासाठी पदवीनंतर किमान ६० क्रेडिटचं शिक्षण, देखरेखीखाली १,२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत, मग राष्ट्रीय परीक्षा आणि वर राज्याच्या कायद्याचीही परीक्षा. मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे का, कधी कारवाई झाली का, हे घरबसल्या कळतं. मी बघितलं होतं. त्या बाईंनी लेकीकडून मराठी बालभारतीचा एक धडा माझ्यासमोर वाचून घ्यायला सांगितला आणि ती नेमकी कुठे अडखळते ते लिहून मागितलं. प्रत्येक चाचणीचे गुण रिपोर्टमध्ये होते आणि घरी मराठी बोलतात म्हणून इंग्रजी शब्दसंग्रहाचे गुण जपून वाचावेत, असंही स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

यावर भाऊ म्हणतो, "तुमच्याकडे सगळं फुकट आहे, ताई." याचाच मला राग येतो. फुकट काहीही नाही. अपंग मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या अमेरिकेच्या १९७५ च्या केंद्रीय कायद्यामुळे अशा चाचणीचे पैसे पालकांकडून घेता येत नाहीत, एवढंच. आमच्या मालमत्ता कराच्या बिलात काउंटी, शहर, कॉलेज असे रकाने असतात आणि त्यात सगळ्यात मोठा आकडा शाळांचा. मूलबाळ नसलेली म्हातारी शेजारीणही तो भरते. परवान्याची फी त्या बाई स्वतः भरत असतील, पण राज्याचं विद्यापीठ, इंटर्नवर देखरेख करणाऱ्या सीनियरचे तास, चाचण्यांचे महागडे संच, हा खर्च लोकांच्या खिशातून होतो. अशा मुलांच्या विशेष शिक्षणासाठी केंद्राने दर विद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं त्याच कायद्यात ठरवलं होतं, प्रत्यक्षात अलीकडे तो १५ टक्क्यांच्याही खाली आहे. बाकीचं ओझं राज्यावर आणि आमच्यासारख्या करदात्यांवर.

तरीही माणसं पुरत नाहीत. तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या मते ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ हवा. अमेरिकेची सरासरी हजाराच्याही वर आहे आणि टेक्सास त्याहून मागे. लेखी संमती दिल्यावर ४५ शालेय दिवसांत अहवाल द्यावा लागतो. आम्हाला जवळजवळ पूर्ण मुदत थांबावं लागलं. परवान्याच्या अटी सैल करा, माणसं मिळतील, असं म्हणणारे तिथे आहेत. मला ते अजिबात पटत नाही. इंटर्नना नीट पगार द्या, माणसं येतील.

आणि परवाने असूनही टेक्सासने काय केलं, तेही सांगते, नाहीतर मी तिकडची वकिली करतेय असं वाटेल. २००४ पासून राज्याने एक आकडा धरला होता. ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त मुलं विशेष शिक्षणात असली, की त्या भागातल्या शाळांवर शेरा. गरज असलेली कितीतरी मुलं चाचणीपर्यंत पोचलीच नाहीत. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या वृत्तपत्राने ते उघड केलं, २०१७ मध्ये विधिमंडळाने तो आकडा रद्द केला, २०१८ मध्ये केंद्राने तो कायदाभंग ठरवला. उलट नागपुरात महाल भागातल्या माझ्या शाळेत बाई सुटी झाल्यावर कच्च्या मुलांना शेजारी बसवून वाचून घ्यायच्या. परवाना नव्हता आणि पैसेही घ्यायच्या नाहीत. अशा बाईंना कुणी कमी लेखलेलं मला चालत नाही. पण वर्गात साठ-सत्तर मुलं असताना त्यांनी तरी किती बघायचं?

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याखाली चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला नोंदणी लागते. नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! समुपदेशक मात्र त्यातून निसटतो. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतलं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलं. त्याचा पगार अनुदानित शाळेने कुठून द्यायचा, हे जोवर ठरत नाही, तोवर भावासारखे लोक सेंटरवाल्यांना पैसे देत राहणार. म्हणजे खर्च इथेही लोकच करतात, फक्त एकेकटे, आणि तोही बिननोंदणीच्या रिपोर्टसाठी.

भाऊ रिपोर्ट बदलून मागायला सेंटरमध्ये जायचं म्हणत होता. मी त्याला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जायला सांगितलंय. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर शेवटी सरकारी दवाखान्याचंच प्रमाणपत्र लागणार. वहिनीला धास्ती एकाच गोष्टीची, नातेवाईक पागलखाना चौकाचं नाव घेऊन काहीबाही बोलतील. मी सोबत जातेय. ओपीडीची रांग लांब असते, डबा घेऊनच निघू.