आवाजाची नोंद

सोमवार, रात्री

गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन करायचं का ते ठरायचंय, त्याआधीच्या तपासण्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी राजारामपुरीतल्या लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आलो. निळ्या, जांभळ्या, लाल, करड्या टोपणाच्या चार नळ्या. रक्त घेणारी पोरगी चलाख. निळी नळी भरेपर्यंत तिची नजर हलली नाही. म्हणाली, "काका, ही खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नाहीतर रक्त गोठायचा आकडा चुकतो." मग जेवून बरोबर दोन तासांनी परत यायला सांगितलं, जेवणानंतरची साखर बघायला. सकाळी नऊला जवळपास काय मिळणार? मिसळ. जादा कट घेतला नाही, एवढंच पुण्य. हिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तपासणीला गेलासा का जत्रंला?"

संध्याकाळी रिपोर्ट आले. साखर हद्दीत. टीएसएच 2.1. म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम ठीक चाललंय, फक्त तिच्या उजव्या अंगाला 2.8 सेंटिमीटरची गाठ बसलीय.

ही गाठ पहिल्यांदा दिसली आमच्या दाढी करणाऱ्याला. गळ्यावर वस्तरा ठेवला, मी आवंढा गिळला आणि तो थांबला. "साहेब, परत गिळा बघू. हितं काहीतरी वर-खाली हालतंय." पुढं डॉक्टरांनीही पाण्याचा ग्लास हातात देऊन तेच बघितलं. थायरॉइडची गाठ गिळताना श्वासनलिकेबरोबर वर सरकते. वीस वर्षं रोज आरशात तोंड बघतोय, मला कधी दिसली नाही.

सुई घालून पेशी तपासल्या, त्यात 'बेथेस्डा 4' आलं. एकूण सहा वर्ग. दुसरा म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. आम्ही अधेमधे. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं, की या जातीच्या गाठीत नुसत्या पेशी बघून ती साधी की वाईट हे ओळखता येत नाही. तिच्या सालीतून पेशी बाहेर फुटल्यात का, ते बघावं लागतं आणि त्यासाठी अख्खी गाठ हातात लागते. म्हणजे काढायला हवी होती का, हे काढल्यावर कळणार! कुस्तीच्या मैदानात असा निकाल दिला तर पंचाला मागल्या दारानं पळावं लागेल. बहुतेकांची साधीच निघते, असंही ते म्हणाले. काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडं पाठवल्यात. त्यांचं मत आल्यावर ठरणार. तोवर बाकीच्या तपासण्या उरकून घ्यायच्या.

बुधवार

ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञ. एका खिडकीवर माझी फाइल हरवली आणि तासाभरानं त्याच खिडकीत, तिथल्या माणसाच्या डब्याखाली सापडली. भूलतज्ज्ञ बाई मात्र झकास. "आ करा. जीभ बाहेर. मान मागं टाका. एखादा दात हलतोय? तंबाखू?" तंबाखू नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. कोल्हापुरात कुस्तीच्या नादात तीस वर्षं काढलेला माणूस तंबाखू खात नाही, यावर कुणाचाच पटकन विश्वास बसत नाही.

गुरुवार

आजचं नीट लिहायचंय.

नाकात कडू फवारा मारला. थोड्या वेळानं घसा असा बधिर झाला, की दुसऱ्याचं नरडं आणून बसवलंय. मग नाकातून बारीक दोरीसारखा कॅमेरा आत आणि समोरच्या पडद्यावर माझा घसा. दोन पांढऱ्या पट्ट्या, आवाज काढणाऱ्या. "ई म्हणा." म्हटलं, त्या एकमेकींना चिकटल्या. "श्वास घ्या." लांब झाल्या. सलामीला दोन पैलवान हात मिळवतात आणि मागं सरतात, तसं. पोटापाण्याला साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात असलो, तरी मला ओळखतात ते कुस्तीचा निवेदक म्हणून. गावोगावच्या यात्रांत ज्या आवाजावर जगलो, तो आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. तांदळाच्या दाण्याएवढाही रुबाब नाही त्याला.

दोन्ही पट्ट्या नीट हलतात, म्हणजे ऑपरेशनच्या आधी सगळं शाबूत आहे, हे लेखी झालं. मग डॉक्टरांनी नसांचं सांगितलं. पट्ट्या हलवणारी नस थायरॉइडला खेटूनच जाते. तिची वाटही अशी, की डाव्या बाजूची मेंदूकडून निघते, घशाला न थांबता छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत घशात येते. मंगळवार पेठेतून रंकाळ्यावर जायला कागलला वळसा घालावा, तसला प्रकार. ती कायमची दुखावणं क्वचित, असं म्हणाले. वरच्या अंगाला आणखी एक बारीक फांदी असते. तिला धक्का लागला तर बोलणं राहतं, पण आवाज वर चढत नाही, लवकर दमतो.

"बोलता येईल हो तुम्हाला," ते म्हणाले.

बोलता येऊन काय करू? 'पट काढला, पट काढला, घिस्सा... आणि चितपट!' यातला शेवटचा शब्द चढलाच पाहिजे. हलगीच्या वर गेला पाहिजे. खासबागेत पहिल्यांदा माइक हातात मिळाला तेव्हा वस्ताद म्हणाले होते, "शाहू महाराजांनी मैदान असं बांधलंय की शेवटच्या माणसालाबी कुस्ती दिसती. तू दिसंल तेवढंच सांगू नगंस, अंगावर काटा आण." 1912 सालचं मैदान ते.

घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, "कॅन्सर तर न्हाई न्हवं?" खरं तर मला तीच भीती पहिली वाटायला पाहिजे. वाटत नाही. रात्री जाग येते ती आवाजापायी, आणि याची लाज वाटते. घरात पोरीचं लग्न ठरायचंय आणि बाप चितपट म्हणता येईल का या काळजीत.

मेहुणे भजनातले. त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचं काढलं. दरबारी गवई, तरुणपणी गाऊन गाऊन आवाज गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी उभी केली. खाँसाहेबांचं खाँसाहेबांपाशी. हलगी माझ्यासाठी खालच्या पट्टीत वाजणार नाही.

शनिवार

काचपट्ट्यांचं अजून काही नाही.

स्पीच थेरपिस्टनं सांगितलंय, आत्ताच आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पुढं तुलनेला. एका दमात 'आ' किती सेकंद टिकतो ते मोजायचं, मग रोजचं बोलणं, मग वरचा आवाज. संध्याकाळी गच्चीवर गेलो. 'आ' 17 सेकंद. मग फोन कठड्यावर ठेवला आणि एक नंबरची कुस्ती लावली. जोड मनातलीच. घुटना ठेवला, सुटला, फिरून पट, घिस्सा, चितपट! शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ही वाळलेली कापडं काढायला आली होती, तिथंच उभी राहिली. तीस वर्षांत ही एकदाही मैदानात आलेली नाही.

रेकॉर्डिंग लावून दोघांनी ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मधीच कुकरची शिट्टी आलीया. परत करा."

परत केलं. या खेपेला 'आ' 19 सेकंद.