मागे सरकायला जागा नाही

स्टेशनवरच्या भिंतीचित्राचा फोटो काढायचा तर पहिली अडचण कॅमेऱ्याची नसतेच, जागेची असते. चित्र लांबच लांब, प्लॅटफॉर्म जेमतेम काही पावलं रुंद, त्यात ती पिवळी पट्टी, तिच्या पलीकडे पाय टाकायचा नाही म्हणजे नाहीच, आणि उरलेल्या जागेत कुणीतरी भलीमोठी बॅग मांडून उभं. यात चित्रकाराची काही चूक नाही. त्याने ते फोटोसाठी काढलेलंच नाहीये, गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाला जाता जाता दिसावं म्हणून काढलंय. मधे फोन घेऊन आपणच कडमडतो.

मग आपण काय करतो, तर फोनच्या कॅमेऱ्यातलं ०.५ दाबतो. अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स. भिंत बसते सगळी, पण कडेचे आकार असे ताणले जातात की चित्रातली बाई मधोमध असेल तर सडपातळ आणि कोपऱ्यात गेली की दुप्पट रुंद. पॅनोरमाची तर वेगळीच तऱ्हा, फोन हळूहळू सरकवत न्यायचा आणि तेवढ्यात एखादे काका समोरून गेले की फोटोत अर्धेच काका येतात नाहीतर तेच काका दोनदा. शिवाय आपण एका जागी उभं राहून गोल फिरत असतो ना, त्यामुळे सरळसोट भिंत मधे पोट सुटल्यासारखी बाहेर येते.

खरा उपाय म्हणजे समोरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं. जिना चढा, पूल ओलांडा, उतरा, भिंतीच्या बरोबर समोर उभे राहा आणि २x झूम लावा. लांबून काढलं की आकार वाकत नाहीत, फ्लॅश लागत नाही (तसाही लावू नये, ऑइल पेंट असेल तर मधोमध पांढरा भपका येतो आणि बाकी चित्र गेलं), स्क्रीनवरच्या रेघांशी भिंतीची कड जुळवली की झालं. फक्त मधे गाडी येते. ती गेली की दुसरी. आणि कधीकधी स्क्रीनवर आडवे काळे पट्टे सरकायला लागतात, ते फोन बिघडल्याचं लक्षण नाही हां, ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोनचं शटर त्याहून घाईत असतं. प्रो मोडमधे जाऊन शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद करायचा, पट्टे गायब.

एवढं सगळं करून चित्र सरळ, स्वच्छ, पूर्ण मिळतं, आणि खरं सांगू का, ते बघायला जरा कंटाळाच येतो. कॅलेंडरवर छापल्यासारखं.

जगात भिंतीवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली स्टेशनं आहेत. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या साओ बेंतो स्टेशनात जॉर्ज कोलासोने रंगवलेल्या सुमारे २०,००० टाइल्स आहेत. टोकियोच्या शिबुया स्टेशनात तारो ओकामोतोचं ३० मीटर लांब चित्र आहे, अणुबॉम्ब फुटतानाच्या क्षणाचं, १९६८-६९ मधे मेक्सिकोतल्या एका हॉटेलसाठी काढलेलं, मग वर्षानुवर्षं हरवलेलं, २००३ मधे सापडलं आणि २००८ पासून स्टेशनातल्या जाण्यायेण्याच्या वाटेत लागलंय. आपल्याकडे मधुबनी स्टेशनच्या भिंती २०१७ मधे तिथल्याच कलाकारांनी मानधन न घेता रंगवल्या. ओकामोतोच्या चित्राचे फोटो मी ऑनलाइन भरपूर बघितलेत आणि ३० मीटर एका फोटोत कोंबलेले सगळे फोटो मला सारखेच वाटले, लक्षात राहिला तो एकच, ज्यात मधल्या सांगाड्याचा फक्त एक तुकडा होता.

म्हणून हल्ली मी भिंतीच्या पार जवळ जाते. हातभर अंतरावर. चित्रकारसुद्धा परातीवर... सॉरी, परांचीवर उभा राहून याच अंतरावरून काम करत असणार, म्हणजे पूर्ण चित्र काम चालू असताना त्यालाही दिसत नव्हतं. छोट्या कागदावरचं चित्र भिंतीवर मोठं करायची जुनी पद्धत म्हणजे चौकोन आखायचे, कागदावर लहान, भिंतीवर मोठे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. रंग पातळ बसला असेल तिथे त्या पेन्सिलच्या रेघा अजून दिसतात. एका भिंतीवर निळ्या आकाशाखालून अशी एक रेघ सरळ खाली येऊन बगळ्याच्या मानेतून आरपार गेलेली दिसली, आणि माझ्या स्क्रीनवरही ग्रिड चालूच होतं, मी फोन जरा हलवून माझी रेघ त्याच्या रेघेवर बसवली. कशासाठी, माहीत नाही. बसली तेव्हा बरं वाटलं.

जवळून बाकीचंही दिसतं. बसायच्या बाकामागे पाठी टेकून टेकून रंग गुळगुळीत झालेला असतो, पण बरोबर खांद्याच्या उंचीपर्यंतच. ब्रशचा एखादा केस रंगात अडकून वाळलेला असतो. खाली कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, ती बहुतेक कचऱ्याच्या डब्याच्या मागे.

आणि केबलचे पाइप! चित्र झालं की साधारण वर्षभरात कुणीतरी ड्रिल घेऊन येतंच. त्या बगळ्याच्या पंखावरूनही एक पांढरा पाइप गेलाय, चांगला क्लिपा-बिपा मारून. माझ्या फोनमधे नको ते पुसून टाकायची सोय आहे, पाइपवर बोट फिरवलं की दोन सेकंदात पाइप नाही. करून बघितलं. पंख अखंड दिसला, एकदम झकास. मग झूम केलं तर तिथली पिसं वेगळीच, मऊ मऊ, ब्रशच्या फटकाऱ्याचा पत्ताच नाही. पाइपखाली चित्रकाराने काय काढलंय ते फोनला कुठून कळणार, त्याने आपल्या मनाने चार पिसं काढून दिली. म्हणजे एवढे जिने चढून-उतरून मी शेवटी फोनने काढलेल्या पिसांचा फोटो ठेवायचा? अनडू केलं. पाइप असू दे.