दाराला आतून कडी, आणि मी गावभर आमंत्रणं देत होते

शाईच्या पेनांची साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती यावर माझी एक छोटी वेबसाइट आहे. पहिले चार महिने तिथे कुणी फिरकलं, तर ते बहुधा मीच असायचे, दुसऱ्या मोबाइलवरून. प्रयत्नांत मात्र कसूर नव्हती. लेख झाला की फेसबुकवर टाक, इन्स्टाग्रामला निबचे फोटो चढव, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत लिंक चिकटव. हॅशटॅग तर इतके, की त्यांच्यात मजकूर शोधावा लागे.

मग एका रात्री सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन. (आधीच उघडायला हवं होतं, पण ते सपाट आलेख बघवत नव्हते.) वरच्या पट्टीत मुखपृष्ठाचा पत्ता टाकला. उत्तर आलं: हे पान गूगलवर नाही, कारण 'नोइंडेक्स'. माझी साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' म्हणून एक पान आहे. त्यात खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नये, असं सांगणारा. साइट अर्धवट असताना कुणाला दिसू नये म्हणून मीच त्यात टिक केली होती, आणि साफ विसरले होते. कडी आतून मीच लावलेली, आणि दोष 'अल्गोरिदम'ला देत होते!

टिक काढली, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, गूगलला दिला (एका साइटमॅपमध्ये 50,000 पत्ते मावतात, माझे होते 23) आणि वाट बघत बसले. पानं हळूहळू दिसायला लागली, तरी क्लिक मात्र येईनात.

मधल्या काळात एका गृहस्थांची मेल आली, शेकडो बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटांवरून माझ्याकडे येणाऱ्या लिंका, मिळवून देतो म्हणून. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण अशाच बनावट लिंकांच्या बंदोबस्तासाठी गूगलने 2012 मध्ये आपल्या क्रमवारीत 'पेंग्विन' नावाचा बदल आणला होता, हे वाचलं आणि मेल उडवली. आणखी एक वेडेपणा म्हणजे मेटा कीवर्ड्सचा, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांचा, रकाना मी दर लेखाला इमानेइतबारे भरत होते. गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय की क्रमवारीसाठी तो रकाना ते बघत नाहीत.

खरी गोम शीर्षकांत होती. शाई अडकलेल्या पेनावरच्या लेखाला मी नाव दिलं होतं 'रुसलेली लेखणी'. माझं लाडकं शीर्षक. पण सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करतात ते दिसतं, आणि तिथे होतं 'पेनमधून शाई येत नाही', 'निब सुकली काय करावे'. त्यातही निम्मं रोमन अक्षरांत. पेन बंद पडलेला माणूस वैतागलेला असतो, तो कशाला लेखणीचा रुसवा शोधत येईल?

मग शीर्षक केलं, 'फाउंटन पेनमधून शाई येत नाही? आधी फीड धुऊन बघा'. (फीड म्हणजे निबखालचा, शाई पुढे आणणारा भाग.) सुरुवातीला माझ्या शाळेतल्या अक्षराबद्दल तीन परिच्छेद होते, ते खाली ढकलले. आता पहिल्याच ओळीत येतं की साधं पाणी घ्या, गरम नको, आणि निब त्यात बुडवून कन्व्हर्टरने (पेनात शाई ओढून घ्यायच्या नळीने) दहा-बारा वेळा पाणी ओढा आणि सोडा. फोटोचा ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारं पडद्यामागचं वर्णन, कॅमेऱ्याने दिलेला आकडा होता, तिथे लिहिलं, 'निबच्या चिरेत वाळलेली निळी शाई'. लेखाचा पत्ता मात्र बदलला नाही. आधी एका लेखाचा बदलला होता, 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारी सूचना) न लावता, आणि ग्रुपांत फिरणाऱ्या जुन्या लिंका सगळ्या 404 वर, म्हणजे 'पान सापडलं नाही'वर, आपटल्या.

'रुसलेली लेखणी' हे शब्द पहिल्या उपशीर्षकात ठेवलेत. तेवढा हट्ट चालतो.

सोशल मीडिया सोडलेला नाही. तिथली पोस्ट संध्याकाळभर उसळते आणि तिसऱ्या दिवशी तळाला जाते. शिवाय तिथल्या बहुतेक लिंकांना 'नोफॉलो' असतं, म्हणजे या लिंकला वजन देऊ नका अशी सर्च इंजिनांना खूण, त्यामुळे गूगलच्या क्रमवारीसाठी त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पण त्याच पोस्टवरून आलेल्या एका पेनवेड्याने स्वतःच्या साइटवर माझ्या लेखाची लिंक दिली. ती एक मला त्या शेकड्यांपेक्षा प्यारी.

शेअर केल्यावर लिंकखाली माझा लोगो अर्धा कापून यायचा. ओपन ग्राफचं चित्र, म्हणजे शेअर केलेल्या लिंकसोबत दिसणारं, 1200 बाय 630 पिक्सेलचं केलं, तरी फेसबुक जुनंच दाखवत राहिलं. त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पान पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा सुटलं. त्यात अख्खी दुपार गेली.

आज सकाळी सर्च कन्सोलच्या यादीत एक नवीन वाक्य दिसलं, 'पेन पडून निब वाकली'. इंप्रेशन 41, म्हणजे शोधात माझी साइट तेवढ्या वेळा दिसली, क्लिक शून्य. त्यावर माझ्याकडे धड लेखच नाही. वाकलेली एक निब डबीत आहे, ती भिंगाखाली ठेवलीय. उजवं टोक वर गेलंय, डावं सरळ आहे. आधी दोन्हींचे फोटो काढते.