पहिली बाईक सेकंडहँड घेताय? गाडी थंड असताना बघा

आमच्या ऐरोलीच्या मावसभावाने आत्ताच लर्निंग लायसन्स काढलंय आणि साहेबांना डायरेक्ट सेकंडहँड रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 पाहिजे. गाडी भारी आहे, वाद नाही, पण 195 किलोच्या आसपास वजन आहे बाबा तिचं, आणि स्प्लेंडर 112 च्या घरात. पळताना वजन कळत नाही, ते कळतं घोडबंदरला गायमुखच्या चढावर दोन कंटेनरच्या मधे हाफ क्लचवर उभं राहिल्यावर, पाय टेकवायला जातो तर खाली नेमका खड्डा. त्यामुळे माझं स्पष्ट मत, पहिली गाडी 125 नाहीतर 150 सीसीची, सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, बस.

150 घेणार असाल तर शक्यतो 2019 च्या एप्रिलनंतरची बघा, कारण तेव्हापासून 125 सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, कंपल्सरी झालं. पावसात पेव्हर ब्लॉकवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की त्याची किंमत कळते.

आता मेन मुद्दा. गाडी बघायला जायच्या आधी मालकाला फोन करून सांगायचं की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या इंजिनजवळ हात न्यायचा, गरम लागलं तर समजायचं की साहेबांनी आधीच चालू करून ठेवलीये, म्हणजे सकाळी थंड असताना सेल्फ घेत नाही की इंजिनमधून खडखड येते ते काही आपल्याला कळणार नाही. मी तर सरळ म्हणतो, काका संध्याकाळी परत येतो. थंड गाडी चालू केल्यावर मागे उभं राहून सायलेन्सर बघायचा, सकाळी थोडी पांढरी वाफ येते ती चालते, पण निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, खर्च मोठा आहे, निघा तिथून.

मीटरवरच्या किलोमीटरवर माझा फार विश्वास नाही. मीटर 14 हजार दाखवतो आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, असं कसं? टायरवर गोलात 4 आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, त्यावरून टायर किती जुना ते समजतं. आणि आपल्याकडे पावसात पार्किंगमधे पाणी भरतं, तेव्हा सीट काढून एअर फिल्टरच्या डब्यात वाळलेला चिखल आहे का ते बघाच.

पेपरचं म्हणाल तर आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरचं कर्ज काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. चलान ऑनलाइन बघायला चासी नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे 4 आकडे लागतात, ते द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर काय ते समजून जा. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, आणि इन्शुरन्स 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाकायचा, हे लोक हमखास विसरतात.

भावाला नंबर MH 43 चाच (नवी मुंबई) पाहिजे, 04 (ठाणे) नको म्हणतो, नवी मुंबईकरांचा माज, दुसरं काय! तरी रविवारी कळव्याला एक 125 बघायला चाललोय, मालकाला फोन करून झालाय.